पारामुक्त हॉस्पिटलातल्या निळ्या ट्यूब

हॉस्पिटल पारामुक्त झालं म्हणून आमच्याकडे केक कापला होता. हिरव्या क्रीमचा केक, वर एलईडी दिव्याचं चित्र, भोवती फुगे. मी त्यातला तुकडा घेतला नाही. घेतला असता तर तो एका विशिष्ट तोंडावर फेकून मारला असता आणि माझा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, त्याच आठवड्यात खलास झाला असता. म्हणून हात मागे बांधून उभी राहिले आणि फोटोतही तशीच आले आहे, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

मी मूळची सांगलीची, लहान मुलांची डॉक्टर. जुबैलमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरीला होते. सौदीकरणाचे दिवस होते. प्रत्येक कंपनीत सौदी माणसं किती यावर सरकार तिला रंग द्यायचं आणि रंग बिघडला की बाहेरच्यांचे इकामे नवे होणं बंद व्हायचं. त्यामुळे आमचे लोक सकाळी एकमेकांना नमस्कार करायच्या आधी विचारायचे, "आपलं कोण गेलं?" कँटीनमध्ये, पार्किंगमध्ये, शाळेच्या बससाठी उभं असताना, सगळीकडे तेच. ज्यांना गावी कोणी दोन शब्द बोललं तर घर डोक्यावर घ्यायची सवय, ती माणसं इथे मॅनेजरच्या शिंकेलाही "येस सर" म्हणायची. भीती मला समजते. पण भीतीच्या नावाखाली जो चिकट गोडपणा आमच्या लोकांच्या अंगात मुरला होता, त्याची मला तेव्हाही किळस यायची आणि आजही येते.

या गोडपणाचा मेरुमणी म्हणजे आमचे अध्यक्ष. जुबैलमधल्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष, आणि आमच्या हॉस्पिटलचे देखभाल व्यवस्थापकही तेच. एसी, पाणी, वीज, लिफ्ट, रंगरंगोटी, सगळं त्यांच्या हाताखाली. त्यांना कुठलीही गोष्ट विचारा, उत्तर एकच, "होऊन जाईल हो डॉक्टर, आपलाच माणूस बसलाय." काम होवो न होवो, आपला माणूस मात्र कायम बसलेला असायचा. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये एका रॅकवर मंडळाचं सामान असायचं. सतरंज्या, समया, पेटीची खोकी, पडदे. कोणी विचारलं की म्हणायचे, "जागा रिकामीच होती, वाया कशाला घालवायची?" वाया न घालवणं हा त्यांचा धर्म होता. नवऱ्याने मला एकदा विचारलं, तुला त्या माणसाचा एवढा का राग येतो, तो कोणाचं वाईट तर करत नाही ना? मी म्हटलं, तेच तर, त्याला वाईट करायलासुद्धा अक्कल लागत नाही.

त्या वर्षी वरून फर्मान आलं की हॉस्पिटलातल्या पाऱ्याच्या सगळ्या ट्यूब आणि बल्ब काढायचे आणि जागी एलईडी लावायचे. गोष्ट चांगलीच होती. ट्यूबलाइटच्या काचेत पारा असतो, फुटली तर तो हवेत येतो, आणि वर वीजही जास्त खाते. मी काही जुन्याला कवटाळून बसणारी बाई नाही. माझ्या तपासणीच्या खोलीतली घुं घुं करत लुकलुकणारी ट्यूब गेली तेव्हा मला आनंदच झाला होता. पण अध्यक्षांनी या कामाचा जो सोहळा मांडला तो बघण्यासारखा होता. स्वागतकक्षात फलक लागला. त्यावर मजल्यामागून मजले हिरवे व्हायचे. रोज संध्याकाळी अध्यक्ष त्या फलकासमोर उभे राहून फोटो काढायचे आणि ते फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे, जणू हातात खड्ग घेऊन पाऱ्याला यमसदनी धाडलं. खाली अंगठ्यांचा पाऊस. काढलेल्या ट्यूब विषारी कचऱ्याच्या खोलीत खोक्यांत भरून ठेवल्या जायच्या, कवटीचं चित्र लावून, कुलूपबंद. ते न्यायला खास गाडी येणार होती. प्रमाणपत्र द्यायला तपासणीची मंडळी यायची तारीखही ठरली होती.

याच सुमारास दिवाळीचा कार्यक्रम झाला. परदेशी लोकांच्या वसाहतीच्या, म्हणजे एका कंपाउंडच्या, हॉलमध्ये, दारं लावून, आवाज बेताचा ठेवून. मुलांनी कोळीनृत्य बसवलं होतं. समुद्र हवा होता, म्हणून अध्यक्षांनी जवळच्या दम्माम शहरातल्या दुकानातून निळ्या एलईडी ट्यूब आणल्या, दोन दोन फुटी, आणि त्या रंगमंचाच्या कडेला आडव्या लावल्या. सजावटीचं काम माझ्याकडे आलं होतं. मी नको म्हणत होते, पण मंडळात बाईमाणूस नको म्हणते याचा अर्थ हो असाच घेतात. मी सोनेरी कागदाचे मासे कापले आणि मुलांनी ते सेलोटेपने ट्यूबच्या टोकांना चिकटवले. दिवे लागले की समुद्र आणि मासे दोन्ही छान दिसायचे, हे मान्य करते. माझा मुलगा नाचून आल्यावर म्हणाला, "मम्मा, द सी वॉज सो फेक." मी त्याला गप्प केलं. पण पोरगं बरोबर बोललं होतं.

आता ते बाळ.

त्याचा बाप रायगडच्या किनाऱ्यावरचा, आमच्याकडच्याच एका कंत्राटदाराची बस चालवायचा, कामगारांना प्लांटवर नेण्या-आणण्याची. बायको पहिल्यांदाच देशाबाहेर आलेली, कोवळी, बोलायची तर खालच्या आवाजात आणि नवऱ्याकडे बघून. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल होत नव्हतं, सासरी त्याबद्दल तिचा पुरेसा उद्धार झालेला होता. ते मला तिनेच सांगितलं, नवरा चहा आणायला गेला तेव्हा. आमच्याच हॉस्पिटलात तिला मुलगा झाला. गोरापान, भरपूर केसांचा, रडायला खणखणीत. बाप मला दिसेल तिथे म्हणायचा, "म्याडम, अल्लाने आयकला."

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं पडलं. नवजात बाळांना कावीळ होते, पुष्कळांना होते, घाबरण्यासारखं नसतं. रक्तातलं एक पिवळं द्रव्य वाढतं, ते हळूहळू आपसूक जातं. वाढतच राहिलं तर बाळाला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून खास निळ्या दिव्यांखाली ठेवतात. तो निळा प्रकाश कातडीतून ते द्रव्य फोडतो. साधी गोष्ट आहे, रामबाण आहे. मात्र आकडा फार वर गेला तर ते मेंदूत शिरतं. मग बाळ बहिरं होऊ शकतं, त्याचे हातपाय कायमचे वाकडे होऊ शकतात. ती पाळी येऊ नये म्हणून शेवटचा उपाय म्हणजे बाळाचं सगळं रक्त काढून बदलायचं. ती सोय आमच्याकडे नव्हती, दम्मामला पाठवावं लागायचं, तिथे खाट मिळाली तर.

मी बाळाला लाइटखाली घातलं आणि निर्धास्त झाले. संध्याकाळचा रिपोर्ट आला, आकडा वाढलेला. मला वाटलं, अजून वेळ झाला नाही. रक्तगट बघितले, जंतुसंसर्ग बघितला, काही सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आणखी वर. बाळ आता हळद फासल्यासारखं दिसत होतं आणि पीत असताना झोपून जायला लागलं होतं. हे लक्षण मला आवडलं नाही. मी दम्मामला फोन केला. खाट नव्हती, संध्याकाळी बघू म्हणाले.

आणि इकडे वॉर्डात न्यायनिवाडा सुरू झाला होता. बापाने आपल्या आईला गावी फोन लावला, स्पीकरवर. म्हातारीने तिथून निकाल दिला की सुनेचं दूधच बाधतंय, तिच्या माहेरी सगळ्यांचं तसलंच. बाजूच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं की हिने बाळंतपणात पिवळं खाल्लं असणार. एका नर्सने तिला विचारलं, नीट पाजतेस ना, का झोपतेस? आणि या सगळ्यावर कळस म्हणून आमचे अध्यक्ष तिथून जाता जाता थांबले. हॉस्पिटलमध्ये मराठी पेशंट आला की ते भेटायला येणारच, आपला माणूस ना! त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "लाइट तर आपण आत्ताच नवीन टाकलेत, फर्स्ट क्लास. म्हणजे प्रॉब्लेम दुधाचाच असणार."

लिफ्टच्या ग्रीसमध्ये हात घालणारा माणूस बाळंतिणीच्या दुधावर मत देतो, आणि लोक माना हलवतात. पुरुष आहे, कोट घातलाय, मंडळाचा अध्यक्ष आहे, मग अजून काय पाहिजे? मी तिथे असते तर त्यांना तिथल्या तिथे सोललं असतं. मी आले तेव्हा बाप पावडरीचा डबा घेऊन उभा होता आणि ती मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा झगा पुढून भिजलेला होता, दूध वाहत होतं.

"कोणी बंद करायला सांगितलं?" मी विचारलं. मी स्वतः तिला सांगून ठेवलं होतं की दर दोन तासांनी पाजायचं, दूध पोटात गेलं तर कावीळ उतरायला मदतच होते.

"म्याडम, अम्मी बोलतेय तर..." बाप म्हणाला.

"अम्मी डॉक्टर आहे का?"

"नाय, पण साहेबपण बोलले."

साहेब! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्या मुलीजवळ बसले आणि तिला म्हटलं, तुझ्या दुधात काही दोष नाही, ऐकतेस का? तिने मान हलवली. हलवली म्हणजे काय, माझी समजूत घातली. तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही. एक बाई सोडून बाकी अख्खं जग जेव्हा एक गोष्ट सांगतं, तेव्हा त्या एका बाईची किंमत ती किती? शून्य भोपळा!

मी तणतणत बाळाच्या खोलीत गेले. तिथली केरळची सिस्टर हसतमुख होती. म्हणाली, "डॉक्टर, ये नया लाइट बहुत अच्छा है. अब सिर नहीं दुखता."

मी जागच्या जागी थांबले. त्या निळ्या दिव्यांखाली काम केलं की नर्सेसची डोकी दुखायची, एखादीला उलटीसारखं व्हायचं, म्हणून आम्ही मशीनभोवती पडदा लावायचो. तो पडदा आता बाजूला सारलेला होता. एवढ्या महिन्यांत ज्याच्याबद्दल रोज तक्रार असायची तो प्रकाश अचानक सुखद कसा झाला? मी मशीनखाली हात धरला. हात निळा दिसला, छान दिसला. कुठेतरी बघितलेला निळा. मी वाकून मशीनच्या आत पाहिलं.

एका ट्यूबच्या टोकाला सेलोटेप होती आणि सेलोटेपमध्ये सोनेरी कागदाचं शेपूट अडकलेलं होतं. माझ्या कात्रीने कापलेलं. माशाचं.

कपाळ माझं! क्षणभर मला हसूच आलं, खोटं कशाला बोलू? दिवाळीतला समुद्र आमच्या नवजात बाळांच्या खोलीत येऊन पडला होता. त्या मशीनमधल्या खऱ्या ट्यूबमध्ये पारा होता. पारा म्हटल्यावर त्या काढायच्या. नवीन खास मशीन मागवायला वेळ लागणार, आणि तपासणी तोंडावर आलेली. मग अध्यक्षांना आठवलं की आपल्याकडे मंडळाच्या रॅकवर निळ्या ट्यूब पडूनच आहेत, मापही तेच, रंगही तोच. वाया कशाला घालवायच्या? डॉक्टरला विचारायची गरज नाही, दिवा तो दिवा. फलकावर आमचा मजला हिरवा! रंगमंचावर पोरांना कोळी बनवायला जेवढा उजेड लागतो तेवढ्यात माझं पेशंट दीड दिवस उघडं पडलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून, नाटकातलं बाळ असावं तसं.

प्रकाशाचा जोर मोजायचं एक यंत्र असतं. ते यंत्रविभागात असायचं. तिथे नुकताच एक सौदी इंजिनिअर लागला होता. त्याच्याबद्दल आमच्या कँटीनमध्ये जे बोललं जायचं ते लिहायची मला लाज वाटते. नंबर भरायला आणलाय, त्याला काय येतंय, दुपारी झोपतो, असलं. तो दुपारी झोपत नव्हता, यंत्रं उघडून बसायचा. मी सांगितलं तसा तो यंत्र घेऊन आला, त्या ट्यूबखाली धरलं, आणि आकडा बघून पुन्हा धरलं. हवा त्याच्या पावपटही जोर नव्हता. त्याने सोनेरी शेपटाकडे बोट दाखवून विचारलं, "व्हॉट इज धिस, डॉक्टर?"

"फिश," मी म्हटलं. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

जुन्या ट्यूब कुठे आहेत ते मला माहीत होतं, कवटीच्या चित्राखाली. त्या काही महिन्यांपूर्वीच नव्या घातलेल्या, दणकट होत्या. पण ती खोली उघडून पारा पुन्हा वर आणायचा म्हणजे फलक खोटा, प्रमाणपत्र खोटं. मी दोन माणसांना मदत मागितली, दोन्ही आपल्याकडचीच. एकाने सांगितलं की त्याची किल्ली हरवली आहे. किल्ली त्याच्या कमरेला लटकत होती. दुसरा म्हणाला, "डॉक्टर, माझ्या इकाम्याचं नूतनीकरण चालू आहे हो." जणू बाळाने इकाम्यावर सही करायची होती. सौदी इंजिनिअर म्हणाला, "यल्ला," आणि चालायला लागला. त्याने खोली उघडायला लावली, खोकं उचललं, वर आणलं. त्याचा इकामा कोणी रद्द करू शकत नव्हतं, कारण त्याला तो नव्हताच. ताठ कणा असायला कधी कधी एवढंच पुरतं, हे मला तेव्हा कळलं आणि आमच्या लोकांबद्दल अधिकच वाईट वाटलं. वाईट म्हणजे शिसारी.

अध्यक्षांच्या माणसांनी मशीनमधल्या वायरीही फिरवून ठेवल्या होत्या, त्या पूर्ववत करायला वेळ गेला. तेवढ्यात अध्यक्ष स्वतः आले, धापा टाकत. कोणीतरी चहाडी केली होती, त्यात आमचे लोक तत्पर.

"डॉक्टर, उद्या तपासणी आहे!"

"आज बाळ आहे," मी म्हटलं.

"अहो, पण पारा... आपण जाहीर केलंय..."

मी ते सोनेरी शेपूट त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते ओळखलं. चेहरा पडला, पण क्षणभरच. मग ते माझ्या जवळ येऊन, हळू, मायेने म्हणाले, "डॉक्टर, झालं ते झालं. बाहेर बोलू नका. आपण आपलीच माणसं."

या वाक्याची मला इतकी चीड आहे की ते ऐकलं की आजही माझे कान तापतात. मी म्हटलं, "बोलणार नाही. एका अटीवर. खाली चला आणि त्या मुलीला, तिच्या नवऱ्यासमोर, सासू फोनवर असताना, सांगा की दिव्यांची चूक होती, तिच्या दुधाची नव्हती. तुम्ही स्वतः सांगा. माझं कोणी ऐकत नाही."

त्यांनी आढेवेढे घेतले. पण आले. माझ्या धमकीने नव्हे, तपासणीच्या धाकाने. तोवर खऱ्या ट्यूब लागल्या होत्या, पडदा ओढला होता आणि सिस्टर पुन्हा डोकं धरून बसली होती. ते डोकं दुखताना बघून मला बरं वाटलं.

खाटेजवळ उभं राहून अध्यक्षांनी भाषण केलं. भाषणाशिवाय त्यांना बोलता येत नाही. "हे बघा, बाळाला जो त्रास झाला त्याला आमचे दिवे जबाबदार आहेत. ताईंच्या दुधाचा काही दोष नाही. ही चूक माझी." फोन चालू होता. मी त्या मुलीकडे बघत होते, आता तिचा चेहरा खुलेल म्हणून.

बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने अध्यक्षांचे दोन्ही हात धरले. "साहेब, काय मन आहे तुमचा! आमची चूक तुमी अंगावर घेतलीत." फोनमधून म्हातारीचा आवाज आला, "बघ गो, परका माणूस तुज्यासाठी खोटा बोलला. अल्ला त्यांचा भला करो."

आणि अध्यक्ष? अध्यक्षांनी ते हात काढून घेतले नाहीत. मान थोडी झुकवली, थोर माणसं झुकवतात तशी, आणि म्हणाले, "माणुसकी म्हणून एवढं करावंच लागतं."

मी ओरडले. आठवत नाही काय ओरडले, पण वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. मी सांगितलं, खरंच दिव्यांची चूक होती, हा माणूस थोर नाही, हा मूर्ख आहे. सगळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. डॉक्टरीणबाई दमल्या आहेत, रात्रंदिवस काम, असा एकूण सूर होता. ती मुलगी तेवढी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हिला कळलं. निदान हिला तरी.

संध्याकाळी आकडा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आला, दुपारी आणखी खाली. दम्मामच्या खाटेची गरज उरली नाही. त्याच दुपारी तपासणीची मंडळी आली. बाळांच्या खोलीत जायला चपला काढून गाऊन घालावा लागतो, त्यांनी काचेतूनच पाहिलं आणि पुढे गेली. पडद्याआड पाऱ्याच्या ट्यूब जळत होत्या आणि बाहेर केक कापला जात होता. नंतर काही महिन्यांनी खास बाळांसाठीच बनवलेलं एलईडीचं मशीन आलं. उत्तम मशीन, जोरदार, डोकंही दुखवतं. ते आधी मागवायला काय झालं होतं, असं मी विचारलं नाही. आपला माणूस बसला होता, हेच उत्तर मिळालं असतं.

बाळ घरी जाण्याआधी मी त्याचे कान तपासून घेतले. दोन्ही उत्तम. मी त्या मुलीला जाताना पुन्हा बजावलं, "पाजत राहा." ती हो म्हणाली. बापाने पेढ्यांचा डबा आणला होता, अध्यक्षांसाठी.

काही वर्षांनी ती माझ्या तपासणीच्या खोलीत आली. अंगाने भरली होती, आवाज थोडा मोठा झाला होता. बरोबर तो मुलगा, शाळेच्या गणवेशात. मी त्याला मराठीत नाव विचारलं, त्याने इंग्रजीत वर्गासकट सांगितलं. मी मुद्दाम हळू आवाजात बोलले, त्याला सगळं ऐकू आलं. मला इतका आनंद झाला की मी त्याला टेबलावरची चॉकलेटची वाटी अख्खी दिली. तिच्या कडेवर दुसरं बाळ होतं, मुलगी, लसीसाठी आणलेली.

"हिला कावीळ झाली होती का?" मी सवयीने विचारलं.

"होऊच दिली नाय," ती म्हणाली. चेहऱ्यावर अभिमान होता, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा. "हिला पयल्या दिवसापासून डबाच दिला. माजा एक थेंबपण नाय दिला."

मी म्हटलं, "अगं, तुला तेव्हा सांगितलं होतं ना? दिव्यांची चूक होती. मी सांगितलं होतं. त्यांनी पण सांगितलं होतं."

"हो ना," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला, माझीच समजूत घालत. "तुमी सगळी चांगली माणसा. माज्या तोंडावर कोन बोलनार? पण मला कळला होता म्याडम."

बाळ रडायला लागलं. तिने पिशवीतून बाटली काढली, हलवली, आणि मनगटावर एक थेंब टाकून गरम किती आहे ते बघितलं.